पुढच्यास ठेच... पण मागच्याला सांगणार कोण?

भाऊबीजेला माहेरी लातूरला गेले होते. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीने पोचेपर्यंत जेवायची वेळ टळून गेली होती. माझी भाची सुट्टीवर आलेली. बॅग घ्यायला ती फाटकापर्यंत धावत आली आणि परत वळताना मधेच वाकली. आकाशकंदील लावताना पडलेला एक खिळा तिने उचलला, निरखून पाहिला आणि कुर्त्याच्या खिशात टाकला.

"बघा ना वन्सं," वहिनी म्हणाली, "आल्यापासून हेच करायली. खिळे, पिना, बाटल्यांची झाकणं... भंगारवाल्यासारखं सगळं गोळा करायली!"

भाची हसली. म्हणाली, "आत्या, सवय लागली गं. आमच्याकडे याच खिळ्याने विमान पडू शकतं."

मला वाटलं, पोरगी काहीतरी फेकायली. पण जेवण झाल्यावर ओसरीत बसून तिने जे सांगितलं, ते ऐकून माझी दुपारची झोप उडाली. त्या गप्पा विमानाच्या होत्या, पण त्यातून मला माझंच एक दुखणं सापडलं. ते शेवटी सांगते. आधी विमानाचं.

एक लोखंडी पट्टी

२५ जुलै २००० ची गोष्ट. पॅरिसच्या विमानतळावरून काँकॉर्ड नावाचं विमान उडालं. त्या काळी जगातलं सगळ्यात वेगवान प्रवासी विमान म्हणून त्याचा बोलबाला होता. त्याच्या पाच मिनिटं आधी त्याच धावपट्टीवरून दुसरं एक विमान गेलं होतं आणि त्याची धातूची एक पट्टी तिथे गळून पडली होती. असेल दीड फुटाच्या आतबाहेर. काँकॉर्डचं चाक तिच्यावरून गेलं, टायर फुटला, टायरचे तुकडे पंखाखाली आदळले, इंधनाची टाकी फुटली आणि आग लागली. विमानातले सगळे १०९ आणि जमिनीवरचे ४, असे ११३ जीव गेले.

आपण अंगणात काच फुटली की पोरांना ओरडून सांगतो, "अनवाणी येऊ नका रे!" तसंच आहे हे. फक्त तिथे अनवाणी पायाच्या जागी विमानाचं चाक असतं आणि वर शंभर-दीडशे माणसं बसलेली असतात.

विमान उभं राहतं, सामान चढतं-उतरतं, त्या मोठ्या काँक्रीटच्या जागेला ते लोक 'एप्रन' म्हणतात. मला हसू आलं. आपलं एप्रन स्वयंपाकघरात, यांचं मैदानात! या एप्रनवर काम करणाऱ्यांना स्वतःच्या जिवाचीही भीती असते. १६ डिसेंबर २०१५ च्या रात्री मुंबई विमानतळावर एक तंत्रज्ञ चालू इंजिनात ओढला जाऊन गेला. म्हणजे धोका फक्त प्रवाशांना असतो असं नाही, खाली उभ्या असलेल्या माणसालाही तो तेवढाच असतो.

रिकामी पेटी

आमची भाची लातूरच्याच कॉलेजातून बी.ए. झाली. वर्षभर गावात नोकरी शोधली, मग एक कोर्स करून परराज्यातल्या एका मोठ्या विमानतळावर लागली. विमान कंपनीत नाही, तर विमानाचं सामान चढवणं, उतरवणं, ट्रॉल्या लावणं ही कामं करणाऱ्या ठेकेदार कंपनीत. नोकरी कंत्राटी.

ती लागली तेव्हा त्यांच्या खोलीत भिंतीवर एक पेटी होती. वर लिहिलेलं, 'धोका दिसला तर कळवा.' शेजारी फॉर्मचा गठ्ठा. भाची म्हणाली, "आत्या, सहा महिन्यांत त्या पेटीत एकच कागद निघाला. तोही चॉकलेटचा!"

म्हणजे धोके नव्हते का? होते की. ट्रॉलीचा ब्रेक नीट लागत नव्हता. पावसात एका कोपऱ्यात तेलावरून पाय घसरत होता. रात्रपाळीला एक दिवा बंद होता. सगळ्यांना दिसत होतं, पण लिहीत कोणी नव्हतं.

मी विचारलं, "का गं?"

तिने बोटांवर मोजून दाखवलं. एक, आपणच सापडू ही भीती. दुसरं, कंत्राटी नोकरी, उद्या 'येऊ नको' म्हणाले तर? तिसरं, सोबतच्यांनी चुगलखोर म्हणायला नको. चौथं, लिहून तरी काय होणार? आणि पाचवं जरा बारकाईने ऐका मैत्रिणींनो. "आत्या, रोज बघून बघून तो धोका आहे हेच वाटेनासं होतं."

हे पाचवं मला पटलं, कारण लातूर जिल्ह्याने ते डोळ्यांनी पाहिलं आहे. २५ मे २०१७ ला निलंग्यात तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडाल्याबरोबर खाली आलं. देवाच्या दयेने आतले सगळे वाचले. वाऱ्याचा रोख बदलत होता म्हणून वैमानिकाने परत उतरायचं ठरवलं आणि उतरताना हेलिकॉप्टर वरच्या तारेत अडकलं, असं तेव्हा डीजीसीएने सांगितलं होतं. डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, आपल्या देशातल्या विमानांवर लक्ष ठेवणारं सरकारी कार्यालय. चूक कोणाची, हे ठरवणारी मी कोण? मी फक्त तारेबद्दल बोलते आहे. आपल्या गल्लीत, गच्चीजवळ, शाळेच्या मैदानावर अशा तारा लोंबत असतात. आपण त्यांच्याखालून वर्षानुवर्षं जातो. त्या आपल्याला दिसतात का? नवा पाहुणा आला की तोच म्हणतो, "अरे बापरे, ही तार केवढी खाली आली आहे!" आपले डोळे मात्र मेलेले असतात.

दोन ट्रेनिंग, दोन तऱ्हा

ट्रेनिंग या मेलेल्या डोळ्यांना जागं करतं. पण कुठलंही ट्रेनिंग करत नाही, हे भाचीच्या बोलण्यातून कळलं.

पहिलं ट्रेनिंग नोकरी लागताच झालं. दोन दिवस, थंडगार खोली, पडद्यावर एकामागून एक नियम, शेवटी दहा प्रश्नांची परीक्षा आणि रजिस्टरवर सही. "मला पैकीच्या पैकी मार्क पडले," भाची म्हणाली, "आणि दुसऱ्या दिवशी ब्रेक न लागणारी ट्रॉली मी गुपचूप ओढली."

दुसरं ट्रेनिंग आठ-नऊ महिन्यांनी झालं. शिकवायला एक निवृत्त गृहस्थ आले होते, विमानदुरुस्तीत हयात गेलेले. त्यांनी पडदा लावलाच नाही. खुर्ची ओढून बसले आणि तरुणपणी आपण एक हत्यार विमानात विसरलो होतो, ती गोष्ट सांगितली. रात्री घरी गेल्यावर आठवलं. सांगावं की नाही, या विचारात ताट तसंच राहिलं. शेवटी मध्यरात्री फोन केला, विमान थांबवून हत्यार काढलं. साहेबाने दुसऱ्या दिवशी काय केलं? सगळ्यांसमोर त्यांचे आभार मानले आणि हत्यारं मोजून ठेवायची नवी पद्धत लावली.

मग त्यांनी सगळ्यांना एप्रनवर नेलं. म्हणाले, "पंधरा मिनिटं फिरा आणि जे खटकेल ते सांगा." पोरांनी पंधरा मिनिटांत कितीतरी गोष्टी काढल्या. परत आल्यावर प्रत्येकाकडून एक फॉर्म तिथेच भरून घेतला, हिंदीत, मराठीत, ज्याला जसं येईल तसा. काय लिहायचं, कोणाचं नाव घालायचं नाही, कागद कोणाकडे जातो, हे सगळं समजावलं. भाची म्हणाली, "आत्या, पहिला फॉर्म भरायचीच लाज असते. एकदा भरला की भीड चेपते."

त्या महिन्यात पेटी भरली.

मला वाटतं, फरक इथेच पडला. पहिल्या ट्रेनिंगने त्यांना नियम कळले. दुसऱ्यात शिकवणाऱ्याने स्वतःची चूक आधी पुढे ठेवली, मग त्यांना बोलायचं धाडस झालं. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हे आपल्यावर लहानपणापासून बिंबवलेलं. मोठं माणूस आपली मूठ उघडतं, तेव्हाच लहानाची उघडते.

मागच्याला कळलंच नाही

आपल्याकडे म्हण आहे, 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा'. पण पुढचा 'ठेच लागली' असं ओरडलाच नाही, किंवा ओरडला तरी मागच्यापर्यंत आवाज पोचला नाही, तर मागचा शहाणा होणार कसा?

अमेरिकेत १ डिसेंबर १९७४ ला असंच घडलं. टीडब्ल्यूए कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनजवळ उतरताना डोंगरावर आदळलं. ९२ जण गेले. चौकशीत कळलं, की सुमारे सहा आठवडे आधी दुसऱ्या कंपनीचं विमान त्याच ठिकाणी, तशाच गैरसमजातून खाली आलं होतं आणि थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला सांगितलं, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. पण शेजारच्या कंपनीला कोण सांगणार?

या धक्क्यातून १९७६ मध्ये तिथे एक व्यवस्था सुरू झाली. वैमानिक, विमानांना वाट दाखवणारे नियंत्रक, दुरुस्ती करणारे, हवाई सुंदरी, कोणीही आपली चूक किंवा दिसलेला धोका लिहून पाठवायचा. कागद जातो नासाकडे. हो, तीच चंद्रावर माणूस पाठवणारी नासा. मुद्दामच तसं केलं, कारण शिक्षा करणाऱ्या खात्याकडे आपण होऊन चूक कोण लिहून देईल? फॉर्मच्या वर नावाची पट्टी असते. कागद नोंदवला की ती पट्टी फाडून पाठवणाऱ्याला परत करतात, म्हणजे त्यांच्या दप्तरात नाव उरतच नाही. चूक मुद्दाम केलेली नसेल आणि दहा दिवसांत कळवली असेल, तर दंडातूनही सूट मिळते. गुन्हा किंवा अपघात असेल तर मात्र हे संरक्षण नाही. आजवर तिथे २० लाखांहून जास्त कागद आले आहेत. आलेल्या कागदांतून शिकण्यासारखं निवडून ते दर महिन्याला एक पत्रकही काढतात, म्हणजे लिहिणाऱ्याला कळतं, की आपला कागद कोणीतरी वाचला.

आपल्याकडेही डीजीसीएने विमान कंपन्या, विमानतळ, दुरुस्ती करणाऱ्या संस्था या सगळ्यांना सुरक्षेची अशी व्यवस्था ठेवणं बंधनकारक केलेलं आहे. कर्मचाऱ्यांचं ट्रेनिंग आणि धोका कळवण्याची सोय तिच्यातच येते. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने तर यासाठी नियमांचं वेगळं परिशिष्टच लागू केलं. कागदावर सगळं आहे. प्रश्न असतो तो माणसांचा.

सांगणारा आणि ऐकणारा

भाचीची खरी परीक्षा त्यानंतर झाली. हे सांगताना तिचा आवाज बदलला.

एका संध्याकाळी विमान सुटायला वीस-पंचवीस मिनिटं उरली होती. तिच्यासोबतचा ट्रॅक्टर चालवणारा मुलगा ट्रॉल्या वळवत होता. शेवटची ट्रॉली विमानाच्या पोटाला घासली. आवाज नाही, काही नाही. एक हातभर ओरखडा. कोणी पाहिलं नाही, फक्त हिने पाहिलं. तो पोरगा पांढराफटक पडला. हात जोडले त्याने. "ताई, बोलू नका. घरी बहिणीच्या लग्नाचं कर्ज आहे. नोकरी जाईल."

सांगा मैत्रिणींनो, आपण काय केलं असतं?

हिला ट्रेनिंगमधली एक गोष्ट आठवली. २६ डिसेंबर २००५ ला अमेरिकेत सिएटलच्या विमानतळावर असंच सामानाच्या गाडीने अलास्का एअरलाइन्सचं विमान घासलं गेलं होतं. माणूस बोलला नाही. विमान उडालं आणि सुमारे २६ हजार फुटांवर गेल्यावर त्याच जागी फूटभर लांबीचं भोक पडलं. आतली हवा सुटली, प्रवाशांच्या तोंडावर ऑक्सिजनचे मास्क पडले. वैमानिकाने ते कसंबसं परत आणलं, सगळे वाचले. नंतर त्या कामगाराने कबूल केलं.

भाचीने त्या पोराला एवढंच सांगितलं, "तू सांग. तू सांगितलंस तर ती चूक आहे. लपवलंस तर गुन्हा होईल. मी सोबत येते."

दोघं गेले. इंजिनियर आले, बॅटरीच्या उजेडात तपासणी झाली, विमान दोन तास उशिरा गेलं. प्रवासी ओरडले, सुपरवायझर ओरडला. पण त्या पोराची नोकरी गेली नाही. त्याला आठवडाभर गाडीवरून उतरवलं, पुन्हा शिकवलं, परत गाडी दिली. ट्रॉल्या वळवायच्या जागी पिवळा पट्टा ओढला गेला. मुद्दाम केलेला बेपर्वाईपणा वेगळा आणि हातून झालेली चूक वेगळी, हा भेद केला की माणसं बोलतात.

इथे गोष्ट संपली असती तर किती गोड वाटलं असतं! पण पुढचंही सांगायला हवं. त्यानंतर नवा सुपरवायझर आला. कोणी फॉर्म भरला की तो सगळ्यांसमोर म्हणायचा, "काय, आज कोणाची तक्रार?" शिवी नाही, शिक्षा नाही. फक्त एक कुत्सित वाक्य. दोन महिन्यांत पेटी पुन्हा रिकामी. ट्रेनिंग तेच, माणसं तीच, पण ऐकणारा बदलला आणि सगळं मातीत गेलं. मग वरच्या साहेबांच्या लक्षात आलं, की अचानक कागद येईनासे झाले. त्यांनी याचा अर्थ 'धोके संपले' असा लावला नाही, हे विशेष! त्यांनी सुपरवायझर लोकांनाच ट्रेनिंगला बसवलं आणि खोलीत एक फळा लावला. डावीकडे 'तुम्ही काय कळवलं', उजवीकडे 'आम्ही काय केलं'. जे करता आलं नाही, तिथे का नाही तेही लिहायचं. फळा भरायला लागला तशी पेटीही.

ऐकणाऱ्याने ऐकलं नाही की काय होतं, ते आपल्या देशाने २२ मे २०१० ला मंगळूरला पाहिलं आहे. दुबईहून आलेलं विमान धावपट्टी संपल्यावर दरीत कोसळलं. १६६ पैकी १५८ जण गेले. चौकशी समितीचे प्रमुख होते हवाई दलाचे माजी उपप्रमुख, निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. समितीच्या अहवालातून पुढे आलं, की सहवैमानिकाने उतरू नका, परत वर चला, असं तीनदा सुचवलं होतं. मुख्य वैमानिकाने उतरणं सोडलं नाही. धाकट्याला धोका दिसला होता, तो बोललाही होता. म्हणून आता वैमानिकांच्या ट्रेनिंगमध्ये धाकट्याने कसं ठासून बोलायचं आणि थोरल्याने कसं ऐकायचं, हे दोन्ही शिकवतात.

आपल्या घरात काय वेगळं असतं हो? धाकट्या सुनेने काही सुचवलं की, "तुला काय कळतंय?" हे उत्तर तयारच!

आपल्या नांदेडचं

तुम्ही म्हणाल, विमानाशी आपला काय संबंध? आता संबंध यायला लागला आहे. २००८ मध्ये गुरुतागद्दीच्या त्रिशताब्दीला नांदेडला देशोदेशीचे भाविक आले. २७ एप्रिल २०१७ ला 'उडान' योजनेत नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालं. नंतर विमानं कधी बंद पडली, कधी पुन्हा सुरू झाली, पण आपल्यातल्या कितीतरी जणी लेकीच्या बाळंतपणाला, आजारी माणसाला भेटायला पहिल्यांदा विमानात बसल्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये धावपट्टीच्या कामासाठी विमानसेवा काही काळ थांबली, तेव्हा आमच्या गल्लीत केवढी कुरकुर झाली! मीही त्यात होते.

भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आत्या, बंद ठेवलं म्हणून चिडू नये. धावपट्टी खराब असताना चालू ठेवलं असतं, तर चिडायला हवं होतं." मी गप्प बसले. विमान उशिरा सुटलं की आपण काउंटरवरच्या पोरीवर तोंडसुख घेतो. कदाचित आत कुठेतरी एखाद्या पोराने हात थरथरत असतानाही आपली चूक सांगितलेली असेल आणि म्हणून उशीर झालेला असेल.

माझं दुखणं

आता ते शेवटचं. आमच्या बचत गटाच्या बायका शाळेची खिचडी शिजवतात. मी गटाची कामं बघते. गेल्या पावसाळ्यात एक दिवस शेगडी पेटवताना भडका उडाला आणि एका बाईचा हात मनगटापर्यंत भाजला. गॅसची नळी चिरली होती. आम्ही सगळ्या म्हणालो, "थोडक्यात निभावलं." मारुतीला नारळ फोडला. नळी बदलली आणि विषय संपला.

ओसरीत हे ऐकून भाचीने विचारलं, "आत्या, आधी कोणाला वास आला नव्हता?"

आला होता. भाजलेल्या बाईलाच तीन दिवसांपासून वास येत होता. ती गटात नवी होती. मी तिला दवाखान्यात विचारलं होतं, "अगं, बोलली का नाहीस?" तर म्हणाली, "तुम्ही म्हणाल, आली नाही तोच खोड्या काढायली. काढून टाकलं असतं तर?"

आणि जे मी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं, ते त्या दिवशी भाचीला सांगितलं. नळी जुनी झाली आहे, हे मला माहीत होतं. पाच वर्षांनी ती बदलायची असते. हिशेब जुळत नव्हता म्हणून मीच ती पुढच्या महिन्यावर ढकलली होती. म्हणजे त्या बाईला भीती होती आणि मला काटकसर. दोघी गप्प, आणि हात तिचा भाजला.

नांदेडला परतल्यावर गटाची बैठक घेतली. नियम वाचून दाखवले नाहीत. आधी नळीची गोष्ट सांगितली, माझी चूक म्हणून. सांगताना घसा दाटला. दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग एकजण म्हणाली, "बाई, मोठ्या पातेल्याचा कान हलायला, मला महिन्यापासून माहिती आहे." दुसरी म्हणाली, "मागच्या दाराची कडी आतून अडकते." मग स्वयंपाकघरात फिरलो. दहा-बारा गोष्टी निघाल्या. भिंतीला एक वही टांगली. डाव्या पानावर काय दिसलं, उजव्या पानावर काय केलं. जिला लिहिता येत नाही तिचं दुसरीने लिहायचं. गॅसगळतीसाठीचा १९०६ हा नंबर दारावर मोठ्या अक्षरात लिहिला.

भाजलेली ती बाई आता बरी आहे. हातावर डाग राहिला. वहीत पहिली नोंद तिचीच आहे. तिने लिहिलं, 'खिडकी उघडत नाही, वारा येत नाही.' उजव्या पानावर माझ्या अक्षरात आहे, 'सुतार आणला, उघडली.'

मैत्रिणींनो, तुमचं पोर उद्या येऊन म्हणेल, "आई, रिक्षावाले काका फोनवर बोलत गाडी चालवतात." कामवाली म्हणेल, "वहिनी, मिक्सरला शॉक बसतो." सून म्हणेल, "गच्चीचा कठडा हलतो." त्या वेळी तोंडात आलेलं "तुला काय कळतंय" गिळून टाका, "बरं झालं सांगितलंस" एवढंच म्हणा. आणि उजवं पान कोरं ठेवू नका.

परवा भाचीचा फोन आला होता. मी वहीचं सांगितलं. ती म्हणाली, "आत्या, दोन महिन्यांनी पुन्हा बघ. वही कोरी दिसली तर खूश होऊ नको." तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.